आप्पांचा सुपर व्हिसा, कलम ३५ आणि आमचे बावीस महिने

आई-आप्पा ३० नोव्हेंबर २०२४ ला टोरोंटोला उतरले. अर्ज टाकला होता १७ जानेवारी २०२३ ला. त्या बावीस महिन्यांत माझी पोरगी जन्माला आली, रांगली, चालायला लागली आणि मोबाईलच्या स्क्रीनला आबा म्हणायला लागली. ऑफिसातल्या बाकी मराठी मंडळींच्या आईवडिलांचे व्हिसे दोन-तीन महिन्यांत येत होते, आमचाच का लटकलाय हे कळायलाच वर्ष गेलं. कारण निघालं ते असं की कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात युद्धगुन्हेगारांना आणि जुलमी सरकारांच्या अधिकाऱ्यांना देशात येऊ न देण्याचं एक कलम आहे, कलम ३५, आणि त्यात आमचे आप्पा अडकले. आप्पा म्हणजे एका केंद्रीय सशस्त्र दलात ३७ वर्षं नोकरी करून २०१६ ला सब-इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आता गावाकडं दोन म्हशी आणि दीड एकर ऊस.

आमच्या सातारा-कोल्हापूरकडं घरटी एक तरी माणूस फौजेत नाहीतर पोलिसात असतो, त्यामुळे ही भानगड आणखी कुणाच्या वाट्याला येणारच, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. दलाचं नाव आणि पोस्टिंगची ठिकाणं लिहीत नाहीये, आप्पांनीच तसं बजावलंय. आणि मी वकील नाही, फक्त भोगलेलं सांगतोय.

सुरुवात सोपी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं की जूनमध्ये बाळ येणार तर एप्रिलपर्यंत दोघांना बोलवून घ्यायचं. सुपर व्हिसा, म्हणजे कॅनडात राहणाऱ्यांच्या आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा, २०११ पासून आहे आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. आपलं उत्पन्न कुटुंबातल्या माणसांच्या हिशोबाने ठरलेल्या रकमेच्या वर लागतं, आमंत्रणपत्र लागतं, किमान १ लाख डॉलरचा एक वर्षाचा मेडिकल इन्शुरन्स आणि मेडिकल तपासणी लागते. फी माणशी १०० डॉलर, बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो यांचे, ८५. इन्शुरन्स दोघांचा मिळून ३,४०० डॉलरच्या आसपास पडला. तो घेताना दोन गोष्टी लेखी बघून घ्या, व्हिसा नाकारला तर पूर्ण पैसे परत मिळणार का आणि सुरू व्हायची तारीख पुढं ढकलता येणार का. आम्ही ती तारीख चार वेळा ढकलली.

अडलं ते फॉर्मवर. त्यात एक प्रश्न आहे की तुम्ही कधी लष्करात, निमलष्करी दलात, पोलिसात किंवा सुरक्षा संस्थेत नोकरी केली का. त्याला हो, लपवायचं काही कारण नाही. त्याच्या जवळच दुसरा प्रश्न. मी तो आप्पांना व्हिडिओ कॉलवर मराठीत करून विचारला, की कैद्यांना किंवा साध्या लोकांना वाईट वागणूक, लूटमार, देवळा-मशिदींची विटंबना, असल्या कशात तुमचा कधी सहभाग होता का, किंवा असं काही होताना तुम्ही बघितलंय का.

आप्पा ओसरीवर बसलेले. लगेच म्हणाले, "सहभाग न्हाई."

"आणि बघितलंय का?"

थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, "बघितलं म्हंजी किती बघितलं म्हणायचं?"

मी चाळिशीला आलोय आणि आप्पांच्या नोकरीबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं ट्रंक, होल्डॉल, वर्षातून दोन महिने सुट्टी आणि येताना आणलेले अक्रोड एवढंच होतं. त्या रात्री त्यांनी सांगितलं. १९९५ ची गोष्ट, एका गावात झडती चाललेली, एका कोवळ्या जवानाने, आप्पांच्या कंपनीतला नव्हता तो, एका पोराला बंदुकीच्या दस्त्याने मारलं. आप्पा तेव्हा हवालदार. त्यांनी त्याचा हात धरून मागं ओढला, दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना लेखी दिलं. "फुडं काय झालं ते मला कुणी सांगितलं न्हाई, आन् मीबी इचारलं न्हाई." आई आतून ऐकत होती, तिलाही हे पहिल्यांदाच कळलं.

मी काय केलं? मी म्हणालो आप्पा, असलं काही लिहायचं नसतं, सगळे 'नाही'वर टिक करतात. खरंच सगळे तसंच सांगत होते, दोन एजंटांनी तर फॉर्म न वाचताच सांगितलं. आप्पा चिडले. "मला खोटं ल्ह्यायला लावतुयास व्हय? माझी पेन्शन खरं ल्ह्यायच्या नोकरीची हाय." मग 'हो'वर टिक केली आणि खाली पाच ओळींत प्रसंग लिहिला. मला तेव्हा वाटलं की संपलं, गेला व्हिसा. नंतर वकिलीण म्हणाली की ती एक टिक आमच्या केसमधली सगळ्यात चांगली गोष्ट होती, ते पुढं येईलच. खोटी माहिती दिलेली सापडली तर कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद होतं, हे तेव्हा मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

फेब्रुवारीत पुण्याला बायोमेट्रिक्स झाले, मार्चमध्ये मुंबईला कॅनडा सरकारच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे मेडिकल. आई डॉक्टरला म्हणाली की मला काही झालेलं नाही, पोराला बघायला जायचंय म्हणून आलेय. एप्रिलमध्ये मेल आला, आप्पांच्या नोकरीचा तपशील द्या. त्यासाठी वेगळा फॉर्म असतो, आयएमएम ५५४६, त्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठे, कुठल्या युनिटमध्ये, हुद्दा काय, काम काय, वरचा अधिकारी कोण, असं सगळं मागतात. ३७ वर्षांचं. मी घाईत अर्ध्या दिवसात भरून टाकला आणि कामाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षा ड्युटी' एवढंच लिहिलं. ही माझी मोठी चूक. आप्पांनी त्यातली जवळजवळ अकरा वर्षं गाड्यांच्या विभागात आणि मेसच्या हिशोबात काढलीत, चार वर्षं ट्रेनिंग सेंटरमध्ये ड्रिल शिकवलीय, हे कुठेच आलं नाही. वाचणाऱ्याला दिसणार काय, तर एक माणूस ३७ वर्षं अशांत भागात 'सुरक्षा ड्युटी' करतोय.

मग शांतता. जूनमध्ये मुलगी झाली. बायकोची आई आधीच व्हिजिटर व्हिसावर आलेली म्हणून बाळंतपण निभावलं. अर्जाच्या पोर्टलवर रोज सकाळी चहा घेताना बघायचो, मेडिकल पास, बायोमेट्रिक्स पूर्ण, आणि 'बॅकग्राउंड चेक' समोर तेच ते 'प्रगतीत आहे'. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांची भांडणं सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये कॅनडाने ४१ डिप्लोमॅट परत बोलावले, भारतात व्हिसाच्या कामावर बसलेली कॅनडाची माणसं २७ वरून ५ वर आली. तेव्हा मला एक प्रकारे बरंच वाटलं, उशिराचं कारण सापडल्यासारखं. कारण ते नव्हतंच.

९ जानेवारी २०२४ ला पत्र आलं. याला प्रोसिजरल फेअरनेस लेटर म्हणतात, म्हणजे नकार द्यायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकून घेतो, ३० दिवसांत मांडा. पत्रात लिहिलं होतं की अर्जदार कलम ३५(१)(ए) खाली येत असावा अशी आम्हाला शंका आहे. मी ते स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं. मानवतेविरुद्धचे गुन्हे, हे शब्द, आणि वर आप्पांचं नाव.

पहिले दोन दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी वाचायला बसलो. थोडक्यात सांगतो, कारण पत्र आलं की डोकं चालत नाही आणि हेच आधी समजून घ्यावं लागतं. हा कायदा २००२ पासून लागू आहे. कलम ३५ मध्ये दोन मुख्य रस्ते. 'ए' म्हणजे त्या माणसाने स्वतः युद्धगुन्हा, नरसंहार किंवा मानवतेविरुद्धचा गुन्हा केला किंवा त्यात हात होता. 'बी' म्हणजे गुन्हा केला की नाही ते बघायचंच नाही, तुम्ही एखाद्या जुलमी सरकारात मोठ्या पदावर होता एवढं पुरे. पण 'बी' साठी मंत्र्याने ते सरकार आधी यादीत घातलेलं असावं लागतं. यादी बघितली. सद्दाम हुसेनचं इराक, १९९६ ते २००१ चे तालिबान, सियाद बारेचा सोमालिया, मेंगिस्तूचा इथिओपिया, १९९४ च्या नरसंहाराच्या वेळचं रवांडा सरकार, मिलोसेविचचं सरकार, बोस्नियातले सर्ब, हैतीची लष्करी सरकारं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये घातलेलं इराण. मोठं पद म्हणजे मंत्री, राजदूत, न्यायाधीश, लष्कराचे आणि गुप्तचर खात्याचे वरचे अधिकारी. भारत त्या यादीत नाही. आणि आप्पा वरचे अधिकारी तर मुळीच नाहीत, त्यांच्या हाताखाली सगळ्यात जास्त माणसं होती ती मेसमध्ये.

तरी आपल्याकडच्या लोकांना हे कलम आधीही लागलंय. २०१० मध्ये बीएसएफच्या एका निवृत्त जवानाला आणि आणखी काही अधिकाऱ्यांना व्हिसा नाकारला गेला, बराच गदारोळ झाला, आणि मे २०१० मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री जेसन केनी यांनी त्या पत्रांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मे २०१७ मध्ये सीआरपीएफच्या एका निवृत्त आयजींना व्हँकुव्हर विमानतळावरून परत पाठवलं, तेही 'बी' लावून, नंतर पुन्हा खेद. हे वाचून मला राग आला आणि थोडा धीरही आला.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या माझ्या इराणी मैत्रिणीला हे सांगितलं, वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, तुझ्या बाबांचं वाईट वाटतं, पण ते कलम काढू नका म्हणावं. टोरोंटोत इराणी लोक इतके आहेत की गावाला गमतीने तेहरांटो म्हणतात, आणि ज्यांच्या भीतीने ती घर सोडून आली त्यांचीच माणसं तिला इथल्या दुकानात पिस्ते निवडताना दिसतात असं ती सांगते. जानेवारी २०२० मध्ये तेहरानजवळ पाडलेल्या विमानात १७६ माणसं गेली, त्यात कॅनडाला परतणारी कितीतरी, त्यातलं एक कुटुंब तिच्या ओळखीचं. पुढं २०२४ मध्येच इमिग्रेशन बोर्डाने इराणच्या एका माजी उपगृहमंत्र्याला बाहेर काढायचा आदेश दिला, तेव्हा तिने ऑफिसात सगळ्यांना मिठाई वाटली. मीही खाल्ली. माझी तक्रार कलमावर उरली नव्हती. चाळणी हवीच, पण तिच्यात उपगृहमंत्री आणि मेसचा हिशोब लिहिणारा एकाच भोकात अडकत असतील तर वाचणाऱ्याला दोघांतला फरक दाखवून देणं आपल्यावर येतं, आणि मी 'सुरक्षा ड्युटी' लिहून तो फरक पुसून टाकला होता.

वकील केला. तिघांशी बोललो, एकाने ७,००० डॉलर सांगितले, शेवटी एक वकिलीण २,८०० ला तयार झाली. तिने पहिल्या फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुराव्याची पातळी इथे खूप खाली आहे, कलम ३३ प्रमाणे 'मानायला वाजवी कारण' एवढं पुरतं, त्यामुळे नुसतं 'माझे वडील चांगले आहेत' लिहून भागत नाही. दोन, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये एझोकोला खटल्यात ठरवलंय की माणूस नुसता एखाद्या संस्थेत होता म्हणून तो गुन्ह्यात भागीदार होत नाही, त्याने स्वेच्छेने, जाणूनबुजून, गुन्ह्याला लक्षणीय हातभार लावलेला असला पाहिजे. मग कोर्ट कशाकडं बघतं, तर संस्था केवढी आणि कसली, तो संस्थेच्या कुठल्या विभागात होता, काम काय, हुद्दा काय, किती काळ, भरती कशी झाली आणि सोडून जायची सोय होती का. ती म्हणाली, या क्रमाने तुझ्या वडिलांची नोकरी मला लिहून दे, वर्षागणिक.

आता खरं काम. तिने १५ दिवस वाढवून मागितले, ते मिळाले, म्हणजे तारीख २३ फेब्रुवारी. आप्पांनी फुलस्केप कागदावर हाताने लिहायला घेतलं. रोज रात्री जेवणानंतर दोन पानं, आई पुतण्याकडून त्याचे फोटो काढून पाठवायची. चौदा पानं झाली. १९७९ ला भरती, कारण घरात सहा भावंडं आणि त्या साली विहीर आटलेली. कुठल्या साली गाड्यांच्या विभागात, कुठल्या साली गुडघा मोडून हॉस्पिटलात. मधेच एका ओळीत, "या गावात चहा फार चांगला मिळे." वकिलीणीने ती ओळ तशीच ठेवली.

भाषांतर मी करून देणार होतो, पण नात्यातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, म्हणून प्रमाणित भाषांतरकाराकडून करून घेतलं. हे आधी माहीत असतं तर चार दिवस वाचले असते. साताऱ्याला कोर्टाच्या आवारात १०० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं, तिथला नोटरी दुपारी जेवायला गेला तो साडेचारला आला. सर्व्हिस बुकचा उतारा, पेन्शनचा पीपीओ, निवृत्तीचा दाखला, बढतीचे आदेश, मेडलची कागदं, सगळं स्कॅन केलं. १९९५ चा तो लेखी रिपोर्ट मिळाला तर सोनंच, म्हणून आप्पांच्या नावाने १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून आरटीआय टाकला. केंद्रीय दलांना आरटीआयमधून सूट आहे, पण मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती त्या सुटीत बसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. उत्तर मुदतीत आलं नाही, नंतर आलं ते 'नोंद उपलब्ध नाही' असं. तरी अर्जाची पोचपावती आम्ही जोडली होती, माणूस स्वतःहून तो कागद शोधतोय हे दिसावं म्हणून. आणि फॉर्मवरची ती 'हो'ची टिक. वकिलीणीने उत्तराची सुरुवातच तिथून केली, की या माणसाने काही न लपवता सांगितलं आणि तेव्हा थांबवलंही होतं. २०१० चं केनींचं निवेदन शेवटी जोडलं, तो काही कायदा नाही पण असू दे म्हणाली.

२१ फेब्रुवारीला सगळं अपलोड केलं, ८७ पानं. फाईल जास्तीत जास्त ४ एमबीची चालत होती म्हणून स्कॅन हलके करण्यात एक अख्खी रात्र गेली.

मार्चमध्ये मेडिकलची १२ महिन्यांची मुदत संपली. परत मुंबई, परत पैसे, परत आईचं तेच वाक्य. मधल्या काळात आईचा व्हिसा वेगळा करून तिला तरी आणावं असं मी सुचवलं, तर ती म्हणाली, "म्या एकटी इमानात न्हाई बसायची, आन् ह्येन्ला जेवाय कोण घालंल?" विषय बंद.

मे २०२४ मध्ये जीसीएमएस नोट्स, म्हणजे आपल्या फाईलवर अधिकाऱ्यांनी केलेल्या नोंदी, मागवल्या. कॅनडात राहणाऱ्या कुणालाही ५ डॉलर भरून त्या मागवता येतात, अर्जदाराचं संमतीपत्र, आयएमएम ५७४४, जोडावं लागतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, आम्हाला ४६ लागले. हे आधीच, सहाव्या महिन्यातच करायला हवं होतं. त्यात दिसलं की ही तपासणी व्हिसा ऑफिस एकटं करत नाही, सीमा सुरक्षा एजन्सी आणि गुप्तचर सेवेकडून अभिप्राय येतो आणि तो आल्यावर निर्णय व्हिसा अधिकारी घेतो. आमची फाईल अभिप्रायाची वाट बघत पडली होती, एवढंच. पण अंधारात बसण्यापेक्षा बरं. वकिलीण म्हणाली ऑक्टोबरपर्यंत काही हललं नाही तर फेडरल कोर्टात मॅन्डेमस टाकू, म्हणजे निर्णय द्याच असा आदेश मागू. कोर्टाची फी ५० डॉलर, तिची फी विचारलीच नाही.

गरज पडली नाही. २४ सप्टेंबरला सकाळी पोर्टलवर पासपोर्ट पाठवायची सूचना आली. कारण नाही, 'शंका मिटली' असं काही वाक्य नाही, दोन ओळी. आप्पांना फोन केला तर ते उसाला पाणी देत होते, म्हणाले बरं, लाईट जायच्या आत पाणी सोडून येतो, मग बोलू.

विमानतळावर अधिकाऱ्याने त्यांना दोनच प्रश्न विचारले, किती दिवस राहणार आणि पूर्वी काय काम करायचात. मी बाहेर उभा, हे नंतर आईने सांगितलं. तिथे असलेल्या पंजाबी दुभाष्याशी आप्पा हिंदीत बोलले आणि दोघांचं एका ठिकाणच्या थंडीबद्दल बरंच बोलणं झालं म्हणे. सोबत ८७ पानांची प्रिंट पिशवीत होती, कुणी मागितली नाही. तुम्ही मात्र ठेवा.

ती आता हॉलच्या कपाटात पासपोर्टच्या खाली आहे. आप्पांचा पासपोर्ट २०२७ ला संपतोय, व्हिसाही त्याच दिवसापर्यंतच, म्हणजे पुढच्या वेळी परत तोच फॉर्म आणि त्यात परत तोच प्रश्न. परवा मी तसं म्हणालो, तर पोरीला मांडीवर घेऊन बसलेले आप्पा म्हणाले, "तेच ल्ही. ह्या टायमाला फकस्त गाड्यांचा विभाग इसरू नगंस."